भाज्यांचा पिझ्झा बेस नेमका कुठल्या डाएटमध्ये बसतो?

चुलीपाशी

मुलीची परीक्षा संपली म्हणून रविवारी घरचे आठजण जेवायला येतायत आणि तिने पिझ्झाच हवा म्हणून हट्ट धरलाय. अडचण पिझ्झ्याची नाही, पथ्यांची आहे. धाकटी जाऊ चार महिने कीटोवर, म्हणजे अगदी कमी कर्बोदकांच्या आहारावर आहे. भाचीला सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार आहे, गव्हाचा कणही चालत नाही. मुलगी स्वतः व्हीगन, दूध-अंडंही खात नाही. यजमानांची साखर सीमारेषेवर. सासऱ्यांना रक्तदाब. नणंदेला पोटाचा जुना त्रास, तिला सध्या लो-फॉडमॅप, म्हणजे पोटात आंबणाऱ्या काही शर्करा टाळायचं पथ्य सांगितलंय.

फ्लॉवरचा बेस केला की सगळ्यांचंच भागेल असं मी धरून चालले होते. काल रंगीत तालीम केली. ६०० ग्रॅम फ्लॉवर किसला, वाफवला, फडक्यात पिळला. त्यात एक अंडं, १०० ग्रॅम किसलेलं मोझरेला, दोन मोठे चमचे बदामाचं पीठ आणि अर्धा चमचा मीठ. २२० अंशांवर पंचवीस मिनिटं भाजला. कडा सुरेख झाल्या, मध्यभागी मात्र लगदा.

आणि मग एकेक जण आठवत गेले. अंडं आणि चीज आहे, म्हणजे मुलगी बाद. नणंद फ्लॉवरचं नाव ऐकूनच नको म्हणाली. जावेसाठी तयार बेस आणावा म्हणून पाकीट पाहिलं, तर घटकांमध्ये फ्लॉवरनंतर लगेच तांदळाचं पीठ आणि टॅपिओका (साबुदाण्याच्या कंदाचा) स्टार्च.

एकच बेस सगळ्यांना चालेल असं काही आहे का? नसेल तर कुणाला काय द्यावं? घरात कुणी असं पथ्य सांभाळलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मला रविवारी कुणालाही नुसत्या सॅलडवर बसवायचं नाहीये.

मोजपट्टी

ताई, तुमच्याच कृतीचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल.

१०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये साधारण २५ कॅलरी, ५ ग्रॅम कर्बोदकं आणि त्यांपैकी २ ग्रॅम तंतू असतात. ६०० ग्रॅमला १५० कॅलरी, ३० ग्रॅम कर्बोदकं, १२ ग्रॅम तंतू. अंड्याच्या ७०, मोझरेलाच्या सुमारे ३००, बदामाच्या पिठाच्या ८० कॅलरी. बेरीज ६०० च्या आसपास. तंतू वगळून कर्बोदकं साधारण २२ ग्रॅम.

आता तेवढाच गव्हाचा बेस. त्याला १६० ग्रॅम मैदा लागतो असं धरू. कॅलरी ५८०, कर्बोदकं १२० ग्रॅमच्या वर.

दोन्हीकडच्या कॅलरी पाहिल्यात? जवळपास सारख्या. फ्लॉवरचा बेस खाल्ला म्हणजे हलकं खाल्लं, हा समज कर्बोदकांपुरता खरा आहे. वजनासाठी कॅलरी मोजणाऱ्याला त्याने विशेष काही मिळत नाही, कारण पिठाची जागा नुसत्या फ्लॉवरने घेतलेली नाही, चीजनेही घेतली आहे. आणि वरचं टॉपिंग अजून मोजलेलंच नाही.

माझं सगळं म्हणणं या हिशेबातूनच निघतं. गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही प्रथिनं पाण्याशी मिळून ग्लुटेनचं जाळं विणतात, त्यावर बेस तोलला जातो. भाजीत तसं काही नाही. फ्लॉवर ९२ टक्के पाणी, झुकिनी तर ९५ टक्के. त्यामुळे बाइंडिंगला बाहेरून काहीतरी आणावंच लागतं: अंडं, चीज, स्टार्च, कडधान्याचं पीठ, जवस, इसबगोल. बेस कुठल्या पथ्यात बसेल हे त्यातली भाजी फार क्वचित ठरवते. बाइंडिंग ठरवतं. तुमचा बेस मुलीला चालत नाही तो फ्लॉवरमुळे नव्हे.

त्यामुळे "फ्लॉवरचा बेस कीटोला चालतो का" याऐवजी "याला धरून कुणी ठेवलंय" असं विचारायला लागा. निम्मी उत्तरं आपोआप मिळतील.

रानवारा

मोजपट्टींना पूर्ण अनुमोदन. पाकिटांच्या बाबतीत तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर तांदूळ, मका, बटाटा किंवा टॅपिओकाचा स्टार्च असेल, तर तो बेस ग्लुटेनमुक्त असू शकतो, पण कीटोचा नाही. अशा काही बेसमध्ये कर्बोदकं गव्हाच्या पातळ बेसच्या जवळ जातात.

अजून एक, कारण यात मी स्वतः फसलोय. "नेट कार्ब" काढताना सगळे कर्बोदकांतून तंतू वजा करतात. अमेरिकेतल्या लेबलवर एकूण कर्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले असतात, तिथे वजाबाकी बरोबर. युरोपातल्या लेबलवर मात्र कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच छापतात. तिथे पुन्हा वजा केलं की तोच तंतू दोनदा वजा होतो. मी दोन महिने युरोपातून आलेल्या बेसवर असाच हिशेब करत होतो आणि वजन का हलत नाही म्हणून डोकं खाजवत होतो.

निळीशाई

चुलीपाशी, तुमच्या भाचीबद्दल लिहिते. माझ्या मुलाला वयाच्या सहाव्या वर्षी सीलिअ‍ॅकचं निदान झालं, आता तो सतरा वर्षांचा आहे.

कृतीत गहू नाही एवढ्याने बेस तिच्यासाठी सुरक्षित होत नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. हे किती कमी आहे बघा: एक किलो पदार्थात चिमटीएवढंही नाही. इतकं ग्लुटेन तर ओट्यावर सांडलेल्या, पुसायचं राहून गेलेल्या पिठातूनही जातं. त्यामुळे फ्लॉवरचा बेस आणि गव्हाचा बेस एकाच दिवशी, एकाच ओट्यावर, एकाच लाकडी पाटावर होणार असतील, तर भाचीला तो देऊ नका. लाकडाच्या चिरांतून पीठ निघत नाही. मैद्याची पूड हवेत उडते आणि नंतर खाली बसते. पंख्याच्या ओव्हनमध्ये वरच्या खणात गव्हाचा आणि खालच्या खणात तिचा, असंही करू नका.

आमच्याकडे साधा नियम आहे. तो जेवायला असेल त्या दिवशी घरात गव्हाचं पीठ बाहेरच काढायचं नाही. कुणाला काही कमी पडत नाही, आणि त्याला वेगळं ताट, वेगळा कोपरा मिळत नाही. मुलांना वेगळ्या पदार्थापेक्षा वेगळा कोपरा जास्त लागतो.

या आजारात गव्हाचा हात आहे हे पुढे आणलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला. त्यांचा गव्हावरचा संशय त्याआधीचाच होता, तो या काळात बळावला आणि १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. त्याआधीच्या आयांना आपलं मूल का खंगतंय हेच कळत नव्हतं. आपल्याला कळतंय, म्हणून एवढी काळजी घ्यायचीच.

पाकिटावर नुसतं "फ्लॉवरचा बेस" लिहिलेलं पुरत नाही. "ग्लुटेनमुक्त" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. फ्लॉवरबरोबर गव्हाचं पीठ घातलेले बेसही मिळतात.

चुलीपाशी

निळीशाई, वेगळ्या कोपऱ्याचं वाचून गलबलून आलं. गेल्या वेळी आम्ही तिला नेमकं तसंच बसवलं होतं, वेगळी ताटली, वेगळी सुरी, टेबलाच्या टोकाला. ती काही बोलली नाही. रविवारी गहू घरात बंद. ठरलं.

कढीलिंब

कीटोबद्दल लिहायचं आहे, थोडं वेगळ्या बाजूने.

तुमच्या जावेसाठी, म्हणजे वजनासाठी कीटो करणाऱ्यासाठी, दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा सहसा धरतात. मोजपट्टींच्या हिशेबाने अर्धा बेस ११ ग्रॅम. चालेल. पण वरचा टोमॅटो सॉस, कांदा, ढोबळी मिरची हे सगळं जमेला धरलं की १८-२० सहज होतात, आणि वीसची मर्यादा पाळणाऱ्याचा दिवस तिथेच संपतो. आधीच किसून मिळणाऱ्या चीजला गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे चीज घरीच किसा. रताळं, बीट, गाजर यांचे बेस कीटोत बसवू नका. रताळ्यात १०० ग्रॅममागे २० ग्रॅम कर्बोदकं असतात, फ्लॉवरच्या चौपट.

आता दुसरी बाजू. कीटो वजनासाठी जन्माला आलेलं नाही. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी ते अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवलं आणि हे नावही त्यांनीच दिलं. माझी पुतणी या कारणासाठी त्यावर आहे. तिचं प्रमाण ४ : १ आहे, म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम असतील तर चरबी चार ग्रॅम. तिच्यासाठी फ्लॉवरचा बेस होतो, पण फ्लॉवर किती, अंडं किती, त्यात लोणी किती हे ग्रॅमच्या काट्यावर तोलून, तिच्या आहारतज्ज्ञांनी लिहून दिल्याप्रमाणे. तुमच्या-आमच्या कृतीत तिच्या हिशेबाने प्रथिनं भरमसाट आणि चरबी तोकडी. एकदा एका नातेवाइकांनी प्रेमाने "कीटो पिझ्झा" करून आणला होता. तो तिला देता आला नाही आणि तिला ते समजावणं फार कठीण गेलं.

ज्यांच्या घरी असं मूल येणार असेल त्यांनी आधी आईला फोन करावा. एवढंच सांगायचं होतं.

तिसरीघंटा

व्हीगन बेसवर मी खूप भाज्या वाया घालवल्या आहेत, त्यामुळे इथे हक्काने लिहिते.

अंड्याच्या जागी जवस: एक मोठा चमचा जवसाची पूड, तीन चमचे पाणी, दहा मिनिटं ठेवायचं. बुळबुळीत झालं की वापरायचं. पण अंड्यासारखी पकड येत नाही. अंड्यातली प्रथिनं गरम झाली की घट्ट होतात, जवसाचा चिकटपणा तसा घट्ट होत नाही. म्हणून नुसतं जवस आणि फ्लॉवर घेतलं तर ताटात चुरा. मी तीन वेळा केलाय.

जमलं ते असं: ४०० ग्रॅम फ्लॉवर, पाऊण वाटी हरभऱ्याचं पीठ, जवसाचं मिश्रण, एक मोठा चमचा इसबगोल, थोडं तेल, मीठ. मळून वीस मिनिटं झाकून ठेवायचं. इसबगोल पाणी ओढून घेतं आणि गोळा चक्क हातात धरता येतो. हाताने थापायचा, अर्धा सेंटिमीटरहून जाड नाही. हरभऱ्याच्या पिठात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, त्यामुळे चीज नसतानाही पोट भरतं. हा बेस ग्लुटेनमुक्तही आहे, फक्त पीठ गव्हाच्या चक्कीवर दळलेलं नको. भाची आणि मुलगी दोघींना एकच बेस चालेल.

कीटोला हा चालणार नाही, हरभऱ्याच्या पिठात कर्बोदकं बरीच आहेत. व्हीगन आणि कीटो दोन्ही एकत्र हवं असेल तर बदामाचं पीठ, जवस, इसबगोल. होतो, पण मला तो दमट लागतो. ज्याला आवडतो त्याने जरूर करावा.

आणि शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट, कारण फ्लॉवरच्या बऱ्याच कृतींत परमेजान चीज लिहिलेलं असतं. अस्सल परमेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरूनच करायचं, असा त्याचा नियम आहे. दूध चालणाऱ्या पण मांस न खाणाऱ्यांनी वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासूनचं रेनेट लिहिलेलं दुसरं चीज बघावं. हे मला खूप उशिरा कळलं आणि फार वाईट वाटलं होतं.

पाऊलवाट

पॅलिओचं, म्हणजे अश्मयुगीन माणसासारखं खायच्या पथ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. धान्य नाही, कडधान्य नाही, दुग्धजन्य नाही. म्हणजे चुलीपाशींच्या बेसमधलं चीज जातं, तिसरीघंटांच्या बेसमधलं हरभऱ्याचं पीठ जातं. राहिलं काय? अंडी, बदामाचं पीठ, टॅपिओका, रताळं. रताळ्याचा बेस इथे अगदी चपखल बसतो. कीटोत जे वर्ज्य तेच पॅलिओत मानाने चालतं, आणि लोक या दोन्हींना एकाच माळेत ओवतात.

होल थर्टी करणाऱ्यांनी मात्र जपून. २००९ पासून चालत आलेल्या त्या तीस दिवसांच्या कार्यक्रमात नुसते घटक चालणारे असून भागत नाही. पाव, पॅनकेक, पर्यायी पिठाचा पिझ्झा बेस अशा नकला चालणाऱ्या घटकांपासून केल्या तरी वर्ज्य आहेत. सवय मोडावी हा त्यामागचा हेतू. मला हा नियम आधी जाचक वाटला होता. पण मी तो पाळला तेव्हा कळलं की रोज रात्री पिझ्झ्यासारखं काहीतरी शोधणं हीच माझी अडचण होती. त्या तीस दिवसांत मी भाजलेल्या वांग्याच्या चकतीवर काहीच न ठेवता ती खायला शिकलो.

ऑटोइम्यून प्रोटोकॉल या स्वप्रतिकार आजारांसाठीच्या पथ्यात तर अंडी, सुकामेवा, बिया, दूध आणि टोमॅटो, वांगं, मिरचीचं कूळही पहिल्या टप्प्यात बंद. तिथे रताळं, टॅपिओका आणि जिलेटिन असा बेस करतात आणि वर टोमॅटोऐवजी बीट-गाजराचा सॉस.

शांतनदी

तुमच्या नणंदेचा नकार अगदी रास्त आहे. मलाही आयबीएस, म्हणजे आतड्याचा जुना त्रास आहे.

फॉडमॅप म्हणजे आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या आणि तिथे आंबणाऱ्या काही शर्करा आणि तत्सम पदार्थ. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातून हे पथ्य पुढे आलं. फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल असतं, ते याच गटातलं. भाजी म्हणून दोन-चार तुरे खाल्ले तर एक वेळ निभावतं. पण अर्ध्या बेसमध्ये ३०० ग्रॅम फ्लॉवर आहे हो! एवढा फ्लॉवर एका बैठकीत आपण भाजी म्हणून कधीच खात नाही. पिळला की तो मूठभर दिसतो आणि आपण विसरतो. मी तो बेस हौसेने खाल्ला आणि रात्रभर पोट धरून बसले. निदान गहू तरी नव्हता, मग काय झालं, तेच कळेना.

उत्तर असं की आमच्या त्रासात गव्हामधलं ग्लुटेन सहसा दोषी नसतं, त्यातले फ्रुक्टॅन (हेही फॉडमॅपच) असतात. म्हणून ग्लुटेनमुक्त लिहिलेलं सगळंच आम्हाला चालतं असं नाही. हरभऱ्याच्या पिठाचा बेसही नको, कडधान्यांतल्या गॅलॅक्टन्समुळे तोही त्रास देतो.

मी करते तो असा: झुकिनी किसून मीठ लावून पिळायची, पण माझ्या वाट्याला साठ ग्रॅमच्या आतच येईल एवढी. त्यात तांदळाचं पीठ आणि अंडं. बेस तांदळाचाच म्हणा ना, झुकिनी ओलाव्यापुरती. वर मोझरेला चालतं, त्यात लॅक्टोज कमी असतं. कांदा-लसूण नाही. लसणीची चव हवी तर पाकळ्या तेलात परतून काढून टाकायच्या. फ्रुक्टॅन पाण्यात विरघळतात, तेलात नाही, त्यामुळे चव येते आणि त्रास मागे राहतो.

आणि त्यांना हे जरूर सांगा: कडक टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा असतो. नंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मी भीतीपोटी दोन वर्षं त्यातच अडकले होते. फ्लॉवर थोडा चालतो, लसूण चालत नाही, हे कळायला मला मुळात सहा महिनेही लागले नसते.

समुद्रकाठ

मी जरा विरोधी सूर लावतो. आठांपैकी ज्यांना गव्हाचा त्रास नाही त्यांच्यासाठी गहू शत्रू ठरवू नका.

भूमध्य आहार घ्या. युनेस्कोने २०१० मध्ये त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, २०१३ मध्ये त्यात आणखी देश आले. त्या आहारात भाज्या, डाळी, ऑलिव्ह तेल यांच्या जोडीला अख्खं धान्य रोज असतं. कणकेचा पातळ बेस, वर भरपूर भाजी, बेताचं चीज, हा पिझ्झा त्यात बसतो. उलट १०० ग्रॅम चीज घालून केलेला फ्लॉवरचा बेस आणि वर आणखी १०० ग्रॅम चीज, हा त्या पद्धतीपासून लांब जातो. मोझरेलात १०० ग्रॅमला १३ ग्रॅमच्या आसपास संपृक्त चरबी असते.

सासऱ्यांसाठी डॅश आहार बघा, तो रक्तदाबासाठीच आखलेला आहे आणि त्याचा पहिला मोठा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही भाज्या, फळं आणि अख्खं धान्य आहे. मिठाच्या बाबतीत दिवसाला सोडियम २३०० मिलिग्रॅम, कडक पाळायचं तर १५०० मिलिग्रॅम. आता तुमचा बेस: अर्धा चमचा मीठ म्हणजे सुमारे ११५० मिलिग्रॅम सोडियम, चीजमधून ५०० ते ६००. टॉपिंगच्या आधीच अर्ध्या बेसला ८०० च्या वर. त्यांच्या वाटचं मीठ काढून टाका. लिंबू, मिरी, भाजलेला लसूण यांनी चव भरून निघते. ताजं, पाण्यातलं मोझरेला मिळालं तर त्यात सोडियम कमी असतं.

माझ्या वडिलांना असंच एक वर्ष फ्लॉवरच्या बेसवर ठेवलं होतं. साखर आटोक्यात आली म्हणून सगळे खूश. रक्तदाब का वाढतोय ते कुणी त्या बेसमध्ये शोधलंच नाही.

मोजपट्टी

समुद्रकाठ, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमचा मुद्दा मान्य, पण यजमानांच्या बाबतीत मी फ्लॉवरचीच बाजू घेईन. अर्ध्या गव्हाच्या बेसला ६० ग्रॅम कर्बोदकं, अर्ध्या फ्लॉवरच्या बेसला ११. साखर सीमारेषेवर असलेल्या माणसाला हा फरक लहान नाही. कणीक वापरली तरी ६० चे फार तर पंचावन्न होतील.

फक्त दोन गोष्टी. तांदूळ आणि टॅपिओका घातलेला तयार बेस त्यांच्यासाठी आणू नका, तो साखर चटकन चढवतो. आणि ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांवर थांबू नका. चीजमधल्या चरबीमुळे पिझ्झ्यानंतर साखर उशिरा चढते, काही वेळा तीन-चार तासांनी. दोन तासांचा आकडा बघून निर्धास्त झालेले लोक मला माहीत आहेत.

चीज कमी करायचं तर १०० ऐवजी ४० ग्रॅम आणि आणखी एक अंडं. बेस तरीही धरतो. मीठ शून्य. हाच सासऱ्यांनाही चालेल.

अबोली_पहाट

मध्येच विचारते. आईला मूत्रपिंडाचा त्रास आहे आणि पोटॅशियम जपायला सांगितलंय. शिवाय ती वॉरफॅरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधावर आहे. पालकाचा हिरवा बेस कुणी केलाय का? दिसतो छान.

कढीलिंब

अबोली_पहाट, पालक दोन्ही कारणांनी नको. १०० ग्रॅम कच्च्या पालकात साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि के जीवनसत्त्व ४८० मायक्रोग्रॅमच्या घरात. वॉरफॅरिनवर के जीवनसत्त्व रोज साधारण सारखं राहायला हवं, एका दिवशी एकदम एवढं नको. फ्लॉवरमध्ये ते पंधरा-सोळा मायक्रोग्रॅमच. ब्रोकोलीत शंभराच्या आसपास. पोटॅशियमसाठी फ्लॉवर भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी फेकून द्या, निम्म्याच्या आसपास निघून जातं. वाफवला तर एवढं जात नाही. चीजमधल्या फॉस्फरसचंही बघावं लागेल, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना कृती दाखवूनच करा.

खमंगवास

सगळे पथ्यांवर बोलतायत, त्या बिचाऱ्या लगद्याचं कुणी बोलेना. ताई, तुमचा बेस मध्ये ओला राहिला कारण पाणी राहिलं. पाणी असेपर्यंत तिथलं तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि खमंग तांबूस रंग यायला १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणून कडा झाल्या आणि मध्य राहिला.

वाफवलेला फ्लॉवर लगेच पिळू नका, हात भाजतो आणि आपण अर्ध्यावर सोडतो. ताटात पसरून पूर्ण गार करा, बरीचशी वाफ तशीच जाते. मग मलमलच्या दुहेरी फडक्यात, थोडा थोडा घेऊन, मनगट दुखेपर्यंत पिळा. ६०० ग्रॅमचा चोथा २५०-३०० ग्रॅमवर आला पाहिजे. तोलून बघा, अंदाजावर राहू नका. मध्यभाग कडेपेक्षा पातळ थापा. बेकिंग पेपरवर आधी एक बाजू वीस मिनिटं, मग दुसरा पेपर ठेवून उलटा, आणखी दहा मिनिटं. टॉपिंग त्यानंतरच, आणि सॉस आटवून घट्ट केलेला. मशरूम, टोमॅटो कच्चे घालू नका, आधी परतून पाणी आटवा. काढल्यावर ताटात नको, जाळीवर पाच मिनिटं.

चुलीपाशी

रविवार पार पडला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, आणि घडलं तसं लिहिते.

सकाळी ओटा दोनदा पुसला, गव्हाचा डबा वरच्या फडताळात बंद केला, लाकडी पाट बाजूला ठेवून स्टीलच्या पराती वापरल्या. तीन प्रकारचे बेस केले. पहिला ४० ग्रॅम चीज, दोन अंडी, बिनमिठाचा फ्लॉवर: जाऊ, यजमान, सासरे यांना. दुसरा तिसरीघंटांचा हरभऱ्याच्या पिठाचा: मुलगी आणि भाची. तिसरा शांतनदींचा तांदूळ-झुकिनीचा: नणंदेला. राहिलेल्या दोघांनी सगळ्यांतलं थोडं थोडं खाल्लं.

खमंगवास, चोथा तोलला. पहिल्या पिळण्यात ४१० ग्रॅम आला. दुसऱ्यांदा पिळला तेव्हा २९०. म्हणजे तालमीच्या दिवशी मी शंभर ग्रॅमच्या वर पाणी ओव्हनमध्ये घातलं होतं. या वेळी सुरी लागल्यावर आवाज आला.

हरभऱ्याचा बेस सगळ्यांत आधी संपला. सासऱ्यांना मीठ नसलेलं आधी कळलं, मग लिंबू पिळून घेतलं आणि पुढे काही बोलले नाहीत. यजमानांनी साखर दोन तासांनी आणि साडेतीन तासांनी, दोनदा पाहिली. दुसरा आकडा थोडा वर होता, पण घाबरण्यासारखा नव्हता. नणंद रात्री शांत झोपली.

भाची या वेळी टेबलाच्या मधोमध, माझ्या मुलीशेजारी बसली होती. निघताना तिने विचारलं की उरलेला बेस डब्यातून शाळेत नेता येईल का.

एकच शंका राहिली: तिच्यासाठी चार बेस करून ठेवायचे तर फ्रीजरमध्ये टिकतील का?

तिसरीघंटा

टिकतात. टॉपिंगशिवाय दोन्ही बाजूंनी भाजून पूर्ण गार करायचे, मध्ये बेकिंग पेपर घालून हवाबंद डब्यात. महिनाभर मी ठेवते. खायच्या दिवशी वितळवत बसू नका, पाणी सुटतं. गोठलेलाच थेट गरम ओव्हनमध्ये टाका, सात-आठ मिनिटं, मग टॉपिंग. डब्यावर तिचं नाव लिहा आणि फ्रीजरमध्ये तो वरच्या खणात ठेवा, म्हणजे गव्हाच्या पाकिटातला चुरा त्यावर पडणार नाही.